आजोबांच्या ट्रंकेतले बाहीवरचे बिल्ले : अनोळखी लष्करी चिन्हे कशी ओळखावीत

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कोकणातल्या ज्या घरातला माणूस दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होता, त्या घराच्या माळ्यावर बहुधा एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात पदके असतात, पेन्शनचे कागद असतात, एखादा लोकरी मफलर असतो आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले, दोन-चार कापडी बिल्ले असतात. पदकांबद्दल घरातल्यांना थोडेफार ठाऊक असते, पण बिल्ल्यांबद्दल सांगणारा माणूस गेलेला असतो. साताऱ्याकडच्या एका घरात मला असाच एक बिल्ला दाखवण्यात आला. पिवळ्या गोल कापडावर लाल, झुंजार पवित्र्यातला कोंबडा होता. तो कुठल्या तरी शाळेच्या किंवा तालमीच्या संघाचा असावा, असे समजून मुलांनी तो खेळण्यांत टाकला होता. प्रत्यक्षात ते २३व्या इंडियन डिव्हिजनचे, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या लढाऊ तुकडीचे, चिन्ह होते, आणि मराठी माणसांशी त्याचा किती जवळचा संबंध आहे ते पुढे येईलच.

असे बिल्ले पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. भर दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याच्या चिन्हांवर ठेवला आहे, कारण महाराष्ट्रातल्या घरांतून सर्वाधिक गोंधळ त्यांचाच होतो.

पहिली पायरी : काहीही धुऊ नका, वेगळे करू नका

बिल्ला सापडताच तो साबणाच्या पाण्यात बुडवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. जुन्या लाल रंगाचा पाण्यात भरवसा नसतो आणि एकदा तो शेजारच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या कापडात उतरला की परत निघत नाही. शिवाय बिल्ल्याच्या मागे चिकटलेला खाकी कापडाचा तुकडा, तुटलेला दोरा, गंजाचा डाग हे सगळे पुरावे असतात. इस्त्रीही करू नये, कारण वर्षानुवर्षांच्या घडीची रेघ हीदेखील बिल्ल्याच्या वयाची साक्ष असते.

त्याआधीही एक काम आहे. ट्रंकेत काय कशाशेजारी होते याची, वस्तू हलवण्यापूर्वी, मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. एकाच पुडीत असलेले दोन बिल्ले आणि एक पत्र यांचा एकमेकांशी संबंध असण्याची शक्यता मोठी असते. पुडी सोडून सगळे एका डब्यात टाकले की तो संबंध कायमचा तुटतो आणि मग कितीही जाणकार माणूस आला तरी तो जोडू शकत नाही. माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी हानी कसरीमुळे होत नाही, ती हौसेने केलेल्या आवराआवरीमुळे होते.

दुसरी पायरी : हातात आहे ते नेमके काय आहे?

गणवेशाच्या बाहीवर आणि खांद्यावर अनेक प्रकारची चिन्हे लागतात, आणि नवखा माणूस त्या सगळ्यांना एकच समजतो. खांद्याच्या पट्टीवर किंवा बाहीच्या अगदी वर कमानीसारखे, अक्षरे असलेले जे पितळी वा कापडी चिन्ह असते ते शोल्डर टायटल. त्यावरून रेजिमेंट किंवा सैन्याची शाखा कळते. बाहीवरच्या टोकदार फिती हुद्दा सांगतात : एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या. आणि खांद्याखाली, बाहीच्या वरच्या भागात चौकोनी, गोल किंवा ढालीच्या आकाराचे चित्र असलेले जे कापड असते ते फॉर्मेशन साइन, म्हणजे तो सैनिक ज्या डिव्हिजनमध्ये, कोअरमध्ये (काही डिव्हिजनच्या गटात) किंवा त्याहून मोठ्या आर्मीत होता तिचे चिन्ह. कोड्यात टाकणारे बिल्ले बहुधा या शेवटच्या प्रकारातले असतात, कारण त्यांवर सहसा एकही अक्षर नसते. शत्रूच्या हाती लागले तरी त्यावरून सहजी काही वाचता येऊ नये, आणि आपल्या माणसाला मात्र गाडीवरचे वा बाहीवरचे चित्र पाहताच ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : फॉर्मेशन साइनवरून रेजिमेंट कळत नाही. एकाच रेजिमेंटच्या निरनिराळ्या बटालियन (पलटणी) निरनिराळ्या डिव्हिजनमध्ये असत, आणि एकच बटालियन युद्धाच्या काळात एका डिव्हिजनमधून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाई. जुन्या कागदांवर '३/५' असे लिहिलेले आढळते, त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ही बटालियन मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत ५व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. तीच बटालियन १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत १०व्या डिव्हिजनमध्ये लढत होती, आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिच्या नाईक यशवंत घाडगे यांनी ज्या पराक्रमात प्राण दिले त्याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी तोच सन्मान मिळाला, पण त्यांची १/५ बटालियन ८व्या डिव्हिजनमध्ये होती. रेजिमेंट एकच, देशही एकच, तरी बाहीवरचे चिन्ह वेगळे. म्हणून 'आजोबा मराठा पलटणीत होते, मग हा बिल्ला मराठ्यांचाच' असा निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी : चित्र वाचणे

आता चित्राकडे या. आधी केवळ दिसते ते लिहून काढावे : पार्श्वभूमीचा रंग, आकृतीचा रंग, आकृतीचे तोंड कोणत्या बाजूला, कडा कोणत्या आकाराची. अर्थ नंतर लावावा. प्राण्याचे तोंड कुठे आहे हे विशेष महत्त्वाचे, कारण बिल्ले जोडीने बनत, एक डाव्या बाहीचा आणि एक उजव्या बाहीचा, आणि प्राण्याने पुढे पाहावे म्हणून त्यांतला एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब असे. दोन उलटसुलट बिल्ले सापडले तर ते दोन वेगळ्या तुकड्यांचे नसून बहुधा एकच जोड असते.

महाराष्ट्रातल्या घरांत भेटण्याची शक्यता असलेली मुख्य चिन्हे अशी. काळ्यावर लाल गरुड म्हणजे ४थी इंडियन डिव्हिजन. हिच्या ११व्या ब्रिगेडमध्ये (ब्रिगेड म्हणजे डिव्हिजनचा काही बटालियनचा भाग) २/५ मराठा होती आणि जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतले तोब्रुक पडले तेव्हा ही ब्रिगेड शत्रूच्या हाती लागली. त्यामुळे लाल गरुडाबरोबर ट्रंकेत इटली किंवा जर्मनीतल्या कैदी छावणीची पत्रे, रेड क्रॉसचे कागद निघाले तर ते एकाच कहाणीचे भाग असू शकतात. काळ्यावर नुसता लाल भरीव गोल, ज्याला सैनिक 'आगीचा गोळा' म्हणत, तो ५व्या डिव्हिजनचा. हा बिल्ला इतका साधा आहे की अनेक घरांत तो ठिगळ समजून फेकला गेला असेल, याचे मला फार वाईट वाटते. काळ्यावर पिवळा बाण ७व्या डिव्हिजनचा. काळी मांजर १७व्या डिव्हिजनची, पण तिचे आधीचे चिन्ह विजेचा लोळ होते, म्हणजे एकाच डिव्हिजनचे दोन बिल्ले एकाच माणसाकडे असू शकतात. लालवर खंजीर खुपसणारा पिवळा हात १९व्या डिव्हिजनचा, तिनेच मार्च १९४५ मध्ये मंडाले घेतले. उभी तलवार धरलेला हात २०व्या डिव्हिजनचा, इस्पिकचा एक्का २५व्या डिव्हिजनचा, त्रिकोणातून बाहेर पाऊल टाकणारा वाघ २६व्या डिव्हिजनचा, आणि एकमेकांत अडकलेली पांढरी व लाल अशी दोन कडी ३६व्या डिव्हिजनची.

डिव्हिजनच्या वरच्या पातळीचेही बिल्ले असतात. लाल-काळ्या ढालीवर खाली टोक केलेली तलवार हे जनरल स्लिम यांच्या १४व्या आर्मीचे चिन्ह आहे. ब्रह्मदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत परत घ्यायचा होता, म्हणून तलवार खाली वळलेली. ज्वाळांतून उठणारा निळा फिनिक्स पक्षी माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचा. त्यामुळे एका माणसाकडे डिव्हिजनचा आणि आर्मीचा असे दोन्ही बिल्ले असणे स्वाभाविक आहे; त्यासाठी तो दोन ठिकाणी लढला असलाच पाहिजे असे नाही.

आता तो लाल कोंबडा. २३व्या डिव्हिजनच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये ४/५ आणि ६/५ अशा मराठ्यांच्या दोन बटालियन होत्या. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाक गावाच्या टेकडीवर ४/५ मराठा ५०व्या पॅराशूट ब्रिगेडच्या बरोबरीने चालून येणाऱ्या जपान्यांशी लढली. युद्ध संपले तरी या माणसांना घरी येता आले नाही : डिव्हिजन जावा बेटावर गेली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ४९वी ब्रिगेड सुराबाया शहरात इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांच्या वेढ्यात सापडली, तिचे ब्रिगेडियर मॅलबी तेथेच मारले गेले. साताऱ्याच्या त्या घरात आजोबा 'जावाला' गेले होते एवढीच आठवण उरली होती आणि घरातल्यांना ती म्हातारपणातली सरमिसळ वाटत होती. त्या कोंबड्याने ती आठवण खरी असल्याचे सांगितले.

चौथी पायरी : भारतीय सैन्याच्या बाहेरचे बिल्ले

सैनिक एकमेकांशी बिल्ले बदलत, आठवण म्हणून मागून घेत. म्हणून ट्रंकेत परके बिल्ले निघाले तर दचकू नये. पिवळ्यावर काळा कोळी हा ८१व्या पश्चिम आफ्रिकन डिव्हिजनचा. पश्चिम आफ्रिकेच्या लोककथांतला चतुर अनान्सी तो हाच. गेंड्याचे डोके ११व्या पूर्व आफ्रिकन डिव्हिजनचे. या दोन्ही ब्रह्मदेशात लढल्या. काळ्यावर पांढऱ्या दोन किल्ल्या एकमेकींवर ठेवलेल्या असतील तर ती कोहिमाला लढलेली ब्रिटिश २री डिव्हिजन. निळ्यावर बसलेला, सिंहासारखा दिसणारा पिवळा प्राणी म्हणजे ब्रह्मी देवळांच्या दारातला चिंथे, आणि तो चिंडिटांचा, म्हणजे ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या दलाचा. त्यांना कागदोपत्री '३री इंडियन डिव्हिजन' असे फसवे नाव दिलेले होते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून शोध घेणारा येथे हमखास चकतो. लालसर तपकिरी कापडावर पंखांच्या घोड्यावरचा फिकट निळा स्वार एअरबोर्न दलांचा, म्हणजे विमानातून उतरणाऱ्या सैन्याचा. खाली 'इंडिया' असे अक्षर असेल तर तो ४४व्या इंडियन एअरबोर्न डिव्हिजनचा.

वर निळ्या पट्ट्यात सूर्य व तारा आणि खाली लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची ढाल असेल तर ती अमेरिकनांच्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची. ही ढाल अमेरिकन असली तरी तिचे कित्येक नमुने भारतातल्याच कारागिरांनी कलाबतूत भरलेले आहेत, त्यामुळे भरतकाम देशी दिसते म्हणून तिला नकली ठरवू नये.

पाचवी पायरी : कापड आणि टाका यांवरून काळ

चित्र कळले तरी काळ कळत नाही, कारण काही चिन्हे आजही वापरात आहेत. लाल गरुड आजच्या ४थ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचाही आहे, खंजीर आजच्या १९व्या डिव्हिजनचाही आहे. सोनेरी बाणाचा पेच तर आणखी मोठा : युद्धकाळातली ७वी डिव्हिजन फाळणीत पाकिस्तानकडे गेली, पण भारतातली फिरोजपूरची ७वी डिव्हिजनही 'गोल्डन अॅरो' म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे बाणाच्या बिल्ल्यावर तीन वेगवेगळी सैन्ये हक्क सांगू शकतात. अशा वेळी बिल्ला उलटा करून पाहावा. समोरची बाजू चित्र सांगते आणि मागची बाजू वय सांगते.

माझ्यासमोर आत्ता दोन लाल गरुड आहेत. पहिला खिडकीजवळ नेऊन भिंगातून पाहिला की गरुड जाड लाल फेल्टमधून कात्रीने कापलेला दिसतो. एका पंखाची टोके दुसऱ्यापेक्षा जरा आखूड आहेत, आणि काळ्या बनातीवर तो हाताने, लहानमोठ्या टाक्यांनी शिवला आहे. मागे खाकी सुती अस्तर आहे आणि चार कोपऱ्यांत टिचबटणे, त्यांतल्या एकाचा गंज कापडात उतरला आहे. टिचबटणे मुद्दाम लावलेली आहेत : गरम प्रदेशातला सुती गणवेश वरचेवर धोब्याकडे जाई, आणि बिल्ला खराब होऊ नये म्हणून तो आधी काढून घेत. छावणीच्या बाजारातल्या शिंप्याने केलेले हे काम आहे. दुसरा गरुड सबंध मशीनने भरलेला आहे, त्याचे टाके एकसारखे आहेत, कडेला जाड दोऱ्याचा गोट आहे आणि मागचा दोरा चकाकतो. चित्र तेच असले तरी हा कित्येक दशकांनंतरचा आहे.

चकाकणाऱ्या दोऱ्याची परीक्षा घेण्यासाठी दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पुरतो. अंधाऱ्या खोलीत बिल्ल्यावर तो धरला की हल्लीचे कृत्रिम दोरे बहुधा निळसर-पांढरे उजळतात आणि जुनी लोकर व सूत मंद राहते. पण या परीक्षेवर आंधळा विश्वास ठेवू नये. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालण्याची पद्धत आहे, आणि ते नेमके असे उजळणारेच द्रव्य आहे. घरच्या धुण्यात एकदा गेलेला अस्सल बिल्लाही नव्यासारखा चमकेल. म्हणून उजळला तर प्रश्न विचारावा, आणि नाही उजळला तर एक शंका कमी झाली इतकेच मानावे. दोरा जाळून पाहण्याची परीक्षा कोणी सुचवली तर ती करू नये, कारण जळालेला दोरा परत येत नाही.

सोबतच्या धातूच्या वस्तूही काळ सांगतात. बटणावर किंवा हुद्द्याच्या चिन्हावर ब्रिटिश मुकुट असेल तर ते प्रजासत्ताकापूर्वीचे. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर २६ जानेवारी १९५० नंतरचे. रोमन लिपीत रेजिमेंटचे नाव एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असे लिहिले असेल तर ते जुने वळण आहे, आणि एम-ए-आर-ए-टी-एच-ए हे स्वातंत्र्यानंतरचे. कागदात 'जमादार' हा हुद्दा असेल तर तो १९६५ पूर्वीचा, कारण त्या वर्षी त्याचे 'नायब सुभेदार' झाले.

सहावी पायरी : पदके, छायाचित्रे आणि कागद यांच्याशी मेळ

एकट्या बिल्ल्यावरून निकाल देऊ नये. ट्रंकेत इटली स्टार (इटलीतल्या मोहिमेचे पदक) असेल तर ८व्या किंवा १०व्या डिव्हिजनचा बिल्ला त्याच्याशी जुळतो. बर्मा स्टार असेल तर कोंबडा, मांजर, खंजीर, वाघ यांपैकी काही असणे सुसंगत वाटते. आफ्रिका स्टार आणि लाल गरुड यांची जोडी तर उघडच आहे. मेळ बसत नसेल तर बिल्ला अदलाबदलीत आलेला आहे का, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचा आहे का, हे विचारावे. सैनिकांच्या घरांत बाप, चुलता आणि मुलगा यांच्या वस्तू एकाच पेटीत असणे अगदी नेहमीचे आहे.

छायाचित्रांत बाही नीट पाहावी, पण रंगांच्या बाबतीत सावध राहावे : काही जुन्या फिल्मवर लाल रंग काळा उमटतो, त्यामुळे काळ्यावरचा लाल गरुड छायाचित्रात नुसता काळा चौकोन दिसू शकतो. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) आणि त्यातला सैनिक क्रमांक. तो हाताशी असेल तर संबंधित रेजिमेंटच्या रेकॉर्ड्स कार्यालयाला लेखी विनंती करता येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे आणि तेथे रेजिमेंटचे संग्रहालयही आहे. सॅपर्ससाठी, म्हणजे लष्करी अभियंत्यांसाठी, खडकीचे बॉम्बे सॅपर्स केंद्र, आणि रणगाडा दलासाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय.

आझाद हिंदचे बिल्ले : येथे थांबून विचार करावा

केशरी-पांढऱ्या-हिरव्या ढालीवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत 'फ्रायस इंडिएन', म्हणजे 'स्वतंत्र भारत', अशी अक्षरे असलेला बिल्ला जर्मनीतल्या भारतीय लीजनचा, म्हणजे सुभाषबाबूंनी तेथे उभारलेल्या आझाद हिंद दलाचा. असा बिल्ला निघाला की घरातल्यांचा ऊर भरून येतो, आणि ते साहजिकच आहे. पण जगभरच्या संग्राहकांत या ढालीला मोठी मागणी असल्याने तिच्या नकलाही फार झाल्या आहेत. कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुने केले असेल तर रंग सर्वत्र सारखा बसतो. खऱ्या जुन्या बिल्ल्यावर उन्हाचा भाग फिका आणि घडीतला, शिवणीखालचा भाग गडद असतो. बिल्ला घरातच पिढ्यान्‌पिढ्या होता की अलीकडे कोणी विकत आणला, हे आधी शांतपणे विचारून घ्यावे. घरातला असेल, आणि सैनिक तोब्रुकसारख्या ठिकाणी कैद झालेला असेल, तर शक्यता बळावते, कारण लीजनमधले पुष्कळ जवान उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या युद्धकैद्यांतून आले होते.

जतन आणि नोंद

ओळख पटली की प्रत्येक बिल्ल्याची एक चिठ्ठी करावी. तीत मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी, दोन्ही बाजूंचे वर्णन, कुठे सापडला, शेजारी काय होते, कोणी काय सांगितले आणि आपला तर्क कशावर आधारलेला आहे, हे सगळे यावे. सांगोवांगीची माहिती आणि पाहिलेली वस्तुस्थिती वेगवेगळ्या ओळींत लिहावी. चिठ्ठी बिल्ल्याला टाचणीने टोचू नये आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. मऊ आम्लरहित कागदात बिल्ला सपाट ठेवून चिठ्ठी पाकिटावर लिहावी. लॅमिनेशन केलेला बिल्ला पुन्हा कधी तपासता येत नाही.

लोकरी बिल्ल्यांना कसर लागलेली दिसली तर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर, पिशवी न उघडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, म्हणजे कापडावर दव धरत नाही. डांबरगोळ्या कापडाला टेकतील अशा ठेवू नयेत. जरीचे आणि कलाबतूचे बिल्ले वेगळे ठेवावेत आणि ते ब्रासो लावून चकचकीत करू नयेत.

साताऱ्याच्या त्या घरातला कोंबडा आता अशाच एका पाकिटात, आजोबांच्या बर्मा स्टारशेजारी आहे. पाकिटावर घरच्या नातीने बटालियनचा आकडा, सांगशाक आणि जावा लिहिले आहे, आणि 'जावा' या शब्दापुढे कंसात 'आजोबा सांगायचे' असे जोडले आहे.